एका चुलीवर दोन पथ्यं

“ह्यांना तेल-तूप कमी करा म्हणतात, अन् पोरीच्या ताटात तूप वाढा म्हणता. एका चुलीवर दोन पथ्यं कशी शिजवू?” औसा तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

वडिलांचं एलडीएल, म्हणजे रक्तातलं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १६८. मुलगी अकरावीत, नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहणारी. वर्षभरात ५२ किलोवरून ३९ वर आली, पाच महिने पाळी नाही. निदान अ‍ॅनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडत नेणाऱ्या मानसिक आजाराचं. त्यात तिचंही एकूण कोलेस्टेरॉल २४८ निघालं, आणि घरच्यांनी तिच्या डब्यातलं तेलही काढलं. मुलगी एका शब्दानं कुरकुरली नाही. खाणं टाळायला तिला पप्पांच्या पथ्याचा आडोसाच मिळाला होता.

अ‍ॅनोरेक्सियात कोलेस्टेरॉल बऱ्याचदा वाढलेलंच असतं. उपासमारीत थायरॉईडचं काम मंदावतं, पित्तावाटे कोलेस्टेरॉल बाहेर जाणं घटतं. तेलतूप जास्त झाल्याची ती खूण नव्हे. वजन भरून आलं की आकडा बहुधा आपोआप उतरतो. तोवर तेल तोडणं म्हणजे दुखण्यालाच खतपाणी. आई-वडिलांना हे आधी पटावं लागतं, कारण रिपोर्ट हातात घेऊन वाद घालणारी मुलगी हुशार असते.

स्वयंपाक एकच ठेवायचा, ताटं वेगळी. तुरीचं वरण, मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, पालेभाजी सगळ्यांना. फोडणी करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाची. वनस्पती तूप, पामतेलातलं फरसाण, खारी-टोस्ट घरातच आणू नये. वडिलांसाठी तेल माणशी महिन्याला ६०० ते ७५० ग्रॅम धरावं; पण ते रोज चमच्यानं मोजू नये. मुलगी समोर नसताना आठवड्याची बाटली भरून ठेवावी, नाहीतर तीही मोजायला बसते. डाळी-उसळी, ओट्स, पेरू यांतून विरघळणारे तंतू रोज ५ ते १० ग्रॅम मिळाले तर एलडीएल सुमारे ५ टक्के उतरतं. एवढ्यानं १६८ चे १०० होत नाहीत. डॉक्टरांनी गोळी दिली असेल तर पथ्याच्या भरवशावर ती बंद करू नये. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

मुलीच्या ताटात भर वरून घालायची: भाकरीवर लोणी, वरणावर तूप, शेंगदाण्याच्या चटणीत कच्चं तेल, धपाट्यासोबत सायीचं दही. तीन जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा खाणं; चारच्या सुमारास सुशीला (फोडणीचे चुरमुरे) आणि दूध. किती वाढायचं हे आईनं ठरवायचं, मुलीशी घासाघीस करायची नाही. “एवढं संपव, मी बसलेय” इतकंच. जेवणानंतर तासभर कुणीतरी सोबत बसावं, तिला लगेच न्हाणीकडे जाऊ देऊ नये. मात्र सुरुवातीचं प्रमाण डॉक्टरच ठरवतात: फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

या घरात सगळ्यात अवघड गेलं ते वडिलांचं बोलणं. “तेल म्हणजे विष” हे ते रोज ताटावर म्हणायचे. ते बंद झालं. “जरा भरलीस, बरी दिसतेस” हे कौतुकही बंद. या आजारात त्याचा अर्थ ‘जाड झालीस’ असाच ऐकू येतो. वजन फक्त दवाखान्यात.

मग नवरात्र आलं. तुळजापूरच्या देवीचे नऊ दिवस मुलीनं धरायचं ठरवलं, आणि नाही म्हणायला आई घाबरली. तोडगा आजीनं काढला: “देवीचं मी करते. पोरीनं जेवायचं.” उपवास, मग तो एकादशीचा असो की चतुर्थीचा, या आजारात पूर्ण बरं होईपर्यंत नाही.

तीन महिन्यांत वजन ४३ वर आलं. ताटावरची रडारड अजून होते, क्लास सध्या घरूनच. आईला एक यादी फ्रिजवर नाही, कपाटाच्या आत चिकटवायला दिली आहे: उठताना चक्कर किंवा घेरी, जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली, दिवसभर अन्नपाणी बंद, पायांवर सूज, मरणाची भाषा. यातलं एकही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता थेट दवाखाना. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.