मेडिकलच्या काउंटरवर नवीन असशील तर

भावा, कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटल परिसरातल्या गर्दीत डॉक्टरांची चिठ्ठी वाचायची तर आधी एवढं पक्कं कर.

- ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच.
- ब्रँडच्या आधी घटक वाच, मग ताकद. 0.5 आणि 5 मध्ये फक्त एका टिंबाचा फरक दिसतो, पण डोस दहापट होतो.
- मधुमेहाच्या मेटफॉर्मिन 500 आणि मेटफॉर्मिन 500 एसआर (औषध हळूहळू सोडणारी गोळी) यांच्या कॉम्प्युटरवर वेगळ्या नोंदी आहेत. नवी पोरं तीन अक्षरं टाइप करून यादीतलं पहिलंच नाव निवडतात. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात!

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं. रोज लिहिलेलं दिसलं तर अजिबात न लाजता डॉक्टरांना फोन लाव.

शेड्यूल एच-वनचं रजिस्टर, म्हणजे ठरावीक औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही, नंतर बघू.