सिम्सचा स्पेक्युलम आणि लघवीची गळती

प्रश्न : आमच्या उपकेंद्रातल्या ट्रेमध्ये सिम्स स्पेक्युलम (योनीमार्ग उघडून तपासायचं अवजार) असतो. या सिम्सचा न्यूयॉर्कमधला पुतळा हटवला म्हणे. का? आणि बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बाईला आम्ही काय सांगावं?
– आरोग्यसेविका, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, तुमचे दोन्ही प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. जे. मॅरियन सिम्स हा अमेरिकेत अलाबामातल्या माँटगोमेरीचा डॉक्टर. १८४५ ते १८४९ या काळात त्यानं गुलाम कृष्णवर्णीय बायकांवर फिस्टुलाच्या, म्हणजे मूत्राशय आणि योनीमार्गात पडलेल्या, लघवी गळणाऱ्या भोकाच्या, शस्त्रक्रिया करून पाहिल्या. नावं तिघींचीच राहिली : अनार्का, बेट्सी, ल्यूसी. संमती मालकाची, भूल नाही. लघवी वाहून जावी म्हणून ल्यूसीच्या मूत्राशयात स्पंज ठेवला. त्यावर खडे धरले, ती तापानं मरता मरता वाचली. रेशमी टाके पिकायचे, भोक पुन्हा उघडायचं. चांदीच्या तारेचे टाके घातले तेव्हा, १८४९ मध्ये, अनार्काचं भोक बुजलं. तोवर तिच्यावर सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. सहायक डॉक्टर सोडून गेले, तेव्हा बाईला धरून ठेवायचं कामही याच बायकांकडे आलं. म्हणूनच न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा एप्रिल २०१८ मध्ये काढला. अवजाराचं नाव मात्र कायम आहे.

आता तुमच्या पेशंटचं. बाळाचं डोकं तासन्‌तास अडकलं की मूत्राशय डोकं आणि पुढच्या हाडामध्ये चेपतं, रक्त पोचत नाही, तेवढा भाग मरतो आणि ३ ते १० दिवसांत गळून पडतो; तिथं भोक पडतं. इथंच चुकतं : दवाखान्यातून कोरडी गेलेली बाळंतीण घरी भिजायला लागते आणि घरचे ‘अशक्तपणा आहे’ म्हणून बसतात. म्हणून अडलेल्या बाळंतपणानंतर दहाव्या दिवसापर्यंत घरी जाऊन विचारा. फक्त खोकताना, शिंकताना, पाण्याचा हंडा उचलताना गळतं की झोपेतही सतत? सतत असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवा. भोक ताजं आणि लहान असेल, तर सुमारे ४ आठवडे मूत्राशयात लघवीची नळी ठेवून ते कधी कधी आपोआप बुजतं. उशीर झाला की ही संधी जाते.

गळू नये म्हणून बायका पाणी कमी पितात. उलटं होतं : लघवी दाट होते, कातडी जळते. दिवसाला ४-५ लिटर प्यायला सांगा. शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे नळी असते. पिशवी रिकामी आणि गादी ओली दिसली, तर नळी तुंबली समजा. मूत्राशय फुगून टाके तुटतात, लगेच दाखवा. ३ महिने संबंध नको, आणि पुढचं बाळंतपण ठरवून सिझेरियननं.

प्रश्न : सिम्सचं हे जुनं झालं. आज त्याचा काय संबंध?
– नर्सिंग विद्यार्थिनी, वर्धा

उत्तर : २०२१ मध्ये अमेरिकेत दर लाख जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ६९.९ होते, गोऱ्या मातांचे २६.६. व्हर्जिनियातल्या २०१६ च्या अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांना, काळ्यांची कातडी जाड असते अशा समजांपैकी एखादा तरी खरा वाटत होता. अशांनी काळ्या रुग्णाची वेदनाही कमी मोजली. आपल्याकडे कारणं वेगळी, पण गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये छापलेला अभ्यास वाचा : दोन गावांतल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते, पण आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. बाळंतीण ‘दुखतंय’ म्हणाली की केसपेपरवर वेळ टाकून लिहा, आणि तासाभरानं पुन्हा विचारून तेही लिहा.