साइटवरच्या ज्युनियर इंजिनियरला ऑटिझम आहे. सळईची तपासणी चोख करतो, पण तोंडी सांगितलेली कामं राहतात आणि स्लॅबच्या दिवशी तो गांगरतो. त्याला कशी मदत करू?

त्याचा स्वभाव बदलायच्या मागे लागू नका. काम त्याच्यापर्यंत पोहोचतं कसं, ते बदला.

साइटवर बरीच कामं चालता चालता सांगितली जातात. "तिसऱ्या मजल्यावरचे कॉलम जरा बघून घे." यात काय बघायचं, कधीपर्यंत, चूक सापडली तर कुणाला सांगायचं, यातलं काहीच नाही. बाकीचे अंदाजाने भागवतात, त्याला तोच अंदाज जड जातो. हेच व्हॉट्सअ‍ॅपवर असं लिहा: "तिसरा मजला, सी 7 ते सी 12. सळयांची संख्या आणि व्यास. रिंगांचं अंतर जॉइंटजवळ आणि मधे वेगवेगळं मोज. कव्हर 40 मिमी. प्रत्येक कॉलमचा एक फोटो. 11 वाजेपर्यंत. चूक दिसली तर थेट मला सांग." एका मेसेजमध्ये एकच काम. ड्रॉइंग बदललं की रिव्हिजन नंबर कळवा आणि जुनी प्रत साइटवरून काढून घ्या. दोन प्रती फिरत असतील तर तो अडून बसेल, आणि त्याचं अडणं योग्यच असेल.

स्लॅबचा दिवस खरा कठीण. पंप, व्हायब्रेटर, चार जणांची आरडाओरड आणि दर दहा मिनिटांनी बदलणारा बेत. आदल्या दिवशीच त्याला कागदावर द्या: भरणी कुठल्या बाजूने सुरू होणार, थांबली तर जॉइंट (जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा) कुठे सोडायचा, त्याला सूचना कोण देणार. सूचना देणारा माणूस एकच ठेवा. आणि त्याला स्लॅबवर मोकळा न सोडता ठरलेली जागा द्या. आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाडीजवळचं काम उत्तम: चलनावरची ग्रेड आणि निघाल्याची वेळ तपासणं, स्लंप घेणं (काँक्रीट किती पातळ ते मोजणं), चाचणीसाठी काँक्रीटचे क्यूब भरणं. 150 मिमीचा साचा, तीन थर, प्रत्येक थराला टॅम्पिंग रॉडचे 35 ठोके, एका नमुन्याला तीन क्यूब. 31 ते 50 घनमीटर काँक्रीटला आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे चार नमुने लागतात. अशा क्रमबद्ध कामात घाईने हलगर्जी होते, त्याच्याकडून ती होण्याचा संभव कमी.

आवाजासाठी इअरप्लग द्या, पण सगळा आवाज बंद करणारे नकोत. रिव्हर्सचा हॉर्न ऐकू यायलाच हवा, म्हणून त्याची जागाही गाडीच्या वाटेबाहेर हवी. हेल्मेट किंवा हार्नेस टोचतो म्हणत असेल तर साइज बदला, घामाची पट्टी नवी लावा. सूट मात्र अजिबात देऊ नका.

फारच झालं तर काय करायचं, हे आधी शांतपणे ठरवा. एक खूण ठरवा, ती दिसली की दुसऱ्याने जागा घ्यायची आणि त्याने 10-15 मिनिटं सॅम्पल फ्लॅटसारख्या शांत खोलीत बसायचं. लेबर शेडमध्ये नको, तिथे गाणी लावलेली असतात. तो गोठून उभा राहिला तर दंड धरून ओढू नका, ओरडू नका. एकानेच, लहान वाक्यात बोलायचं. कडेजवळ असेल तर आधी तिथून बाजूला घ्यायचं.

त्याने तुम्हाला सांगितलं म्हणजे मुकादमाला सांगायची मुभा मिळाली असं नाही. कुणाला किती सांगायचं ते त्यालाच विचारा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन-लेखन जड जाणं वगैरे) दोन्ही आहेत, आणि प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. कंपनीत एचआर असेल तर ते धोरण मागून घ्या. नकला करणाऱ्यांना पहिल्याच वेळी थांबवा, "मस्करी आहे" हे ऐकून घेऊ नका.

असाच उपाय वाचनात अडचण असलेल्या बारबेंडरलाही (सळया वाकवणाऱ्या कामगाराला) चालतो. बीबीएसचा (सळयांची मापं आणि आकार यांच्या यादीचा) कागद हातात देण्यापेक्षा प्रत्येक प्रकारची एक नमुना रिंग कापून, टॅग लावून बेंचवर टांगा. 10 आणि 12 मिमीच्या सळया नजरेने फसवतात, त्यांच्या टोकांना वेगळे रंग लावा.

आणि तुमच्या इंजिनियरला कायमचं तपासणीवरच बसवू नका. तिथे तो चांगला आहे म्हणून बाकीचं शिकायचं राहून जातं. मोजमाप पुस्तक, मग बिलिंग, मग एखाद्या छोट्या भरणीची जबाबदारी, असं एका वेळी एकच नवं काम वाढवा. पहिल्या खेपेला सोबत उभे राहा, आणि पुढचं काय ते त्याला आठवडाभर आधी सांगा.