सस्टेनेबिलिटीत करिअर करायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : ताई, मी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात आमचा ग्रुप आहे, कृष्णाकाठ साफ करतो, झाडं लावतो, मी त्याचा प्रेसिडेंट आहे. मला यातच करिअर करायचंय पण घरचे म्हणतात यात नोकरी कोण देणार? ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स खूप महाग आहेत, करू का? आणि लीडर म्हणून पुढे यायला काय करावं लागतं?

उत्तर : घरच्यांचा प्रश्न रास्त आहे, आधी त्याचंच सांगते. नोकऱ्या आहेत रे. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि समाजाबाबतच्या जबाबदारीचा रिपोर्ट, कंपल्सरी केलाय, त्यात वीज, पाणी, कचरा, कार्बन, कामगारांची सेफ्टी सगळं आकड्यांत द्यावं लागतं आणि मग मोठ्या कंपन्या तेच आकडे आपल्या सप्लायरला पण विचारतात, म्हणजे कोल्हापूर-सांगलीच्या फाउंड्रीवाल्यांनाही हा हिशोब ठेवणारं माणूस लागणारच.

महागडा कोर्स आत्ता नको, माझं स्पष्ट मत आहे. हे रिपोर्ट कंपन्यांच्या वेबसाइटवर फुकट असतात, एकाच धंद्यातल्या दोन कंपन्यांचे शेजारी शेजारी ठेवून वाच, कोण काय लपवतंय ते कळायला लागेल. मग कॉलेजच्या अकाउंट्समधून वर्षभराची लाइटबिलं माग. आपल्या ग्रिडच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, जनरेटरच्या एक लिटर डिझेलमागे साधारण २.७ किलो. गुणाकार कर, झाला तुझा पहिला कार्बन हिशोब!

आणि तू मेकॅनिकलचा आहेस, हा तर प्लस पॉइंट आहे. एखाद्या ओळखीच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी जा, सगळी मशिन्स बंद असताना, म्हणजे हवा कुणीच वापरत नसताना, फक्त कंप्रेसर (मशिन्सना दाबाची हवा पुरवणारं यंत्र) चालू करायला सांग आणि स्टॉपवॉच घेऊन तो किती सेकंद लोड होतो (हवा भरतो) नि किती सेकंद अनलोड राहतो (हवा न भरता नुसता फिरतो) ते लिही. लोडचा वेळ भागिले दोन्ही वेळांची बेरीज, गुणिले १००, एवढे टक्के हवा नुसती गळतेय. बीईई म्हणजे केंद्र सरकारची ऊर्जा बचतीची संस्था, तिच्या पुस्तकात दिलंय की गळतीत २० ते ३० टक्के हवा सुद्धा जाऊ शकते, आणि कंप्रेसर विजेवर चालतो म्हणजे मालकाचे पैसेच ते. असा एक कागद इंटरव्ह्यूला घेऊन गेलास तर पाच सर्टिफिकेटांपेक्षा भारी. पुढे नोकरीत तीनेक वर्षं अनुभव झाला की बीईईची एनर्जी ऑडिटरची (कारखान्यातला ऊर्जेचा वापर तपासणाऱ्याची) परीक्षा दे, ती मात्र जरूर दे.

आता लीडरशिप. नदीकाठ साफ करता ते मनापासून आवडलं, पण गोळा केलेला कचरा पुढे कुठे जातो? त्याचं वजन करा, किती प्लास्टिक, किती कपडे, किती काच ते वहीत लिहा, आणि सहा महिन्यांची वही घेऊन महापालिकेत जा. जाताना रोज तो कचरा उचलणाऱ्या ताई-काकांनाही विचारा, सोबत न्या. पुण्यात कचरावेचकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे, तिच्यातूनच पुढे स्वच्छ ही सहकारी संस्था उभी राहिली, घरोघरचा कचरा तीच माणसं गोळा करतात. यातलं त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

आणि प्रेसिडेंट म्हणून एक काम आजच कर, सेकंड इयरची एक मुलगी किंवा मुलगा निवडून ती वही त्यांच्या हातात दे. तू पास आऊट झालास की ग्रुप बंद पडला असं बऱ्याच कॉलेजात होतं, तुमच्याकडे होऊ देऊ नकोस. आणि हो, बिलं मार्चच्या आधी माग, मार्चमध्ये अकाउंट्सवाल्यांना मान वर करायला वेळ नसतो.