क्रिप्टो फंडात पहिले पैसे घालण्यापूर्वी

खासगी क्रिप्टो फंडात पैसे घालायचा विचार असेल, तर त्याचे परताव्याचे आकडे तूर्त बाजूला ठेवा आणि आपली नाणी (बिटकॉइनसारखी डिजिटल चलने) कोणाच्या ताब्यात राहणार व मागितल्यावर किती दिवसांत परत मिळणार, हे आधी लेखी घ्या. दरमहा ठरावीक परताव्याची हमी मिळाली, तर तिथेच थांबा. पुण्यात गाजलेल्या गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणुकीच्या फसवणूक प्रकरणात दरमहा १० टक्क्यांचेच आमिष होते. नवखे गुंतवणूकदार बहुधा दोन चुका करतात:

- ॲपवर फुगलेली रक्कम दिसली की ती पासबुकात जमा झाल्यासारखीच धरतात.
- परताव्याचा पहिला हप्ता वेळेवर आला की बँकेतली मुदतठेव मोडून तीही त्यात घालतात.

भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. फंडाच्या कराराची प्रत मिळाल्यावर अवश्य विचारा. फंड घेणार असलेल्या शुल्काचे गणित तेव्हा पाहू.