वाचकांचे प्रश्न : पोर्तुगालमधील समाजकार्याची मुळे

प्रश्न : समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला या क्षेत्राचा इतिहास प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेच्या अंगाने शिकवला जातो. गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य करणाऱ्या पोर्तुगिजांच्या स्वतःच्या समाजात हे कार्य कसे रुजले?
– एक विद्यार्थिनी, कर्वेनगर, पुणे

उत्तर : वास्को द गामा कालिकतला पोहोचला त्याच वर्षी, १५ ऑगस्ट १४९८ रोजी, राणी लिओनोर हिच्या पुढाकाराने लिस्बनमध्ये 'मिझेरिकॉर्दिया', म्हणजे करुणा, या नावाचा बंधुसंघ स्थापन झाला. भुकेल्याला अन्न देणे, आजाऱ्याची व कैद्याची विचारपूस करणे, बेवारस मृताला मूठमाती देणे अशी चौदा दयाकृत्ये हे त्याचे व्रत होते. प्रेरणा धार्मिक असली, तरी कारभार पाद्र्यांकडे नव्हे, तर राजाश्रय लाभलेल्या गृहस्थ सभासदांकडे होता, आणि मला हीच बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. पुढे गावोगावी, तसेच गोवा आणि वसईतही असे संघ उभे राहिले.

टाकून दिलेल्या अर्भकांचा प्रश्न मात्र केवळ दयेने सुटणारा नव्हता. त्यासाठी भिंतीत फिरते लाकडी पिंप बसवलेले असे. बाहेरून कोणीही मूल त्यात ठेवून ते फिरवावे, आतल्या बाईने ते उचलून घ्यावे आणि आईचे नाव कोणी विचारू नये, अशी ही योजना होती. १७८३ मध्ये पोलीस प्रमुख पिना मानिक यांनी ती सर्व नगरांत सुरू करण्याचा आदेश दिला. पुण्याच्या वाचकाला येथे जोतिराव व सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह आठवल्यावाचून राहणार नाही. फरक एवढाच की तिकडे आई भिंतीबाहेरच राहत असे, तर इकडे गरोदर विधवेलाच घरात घेऊन तिचे बाळंतपण केले जाई.

त्याआधी, १७८० मध्ये, याच पिना मानिक यांनी लिस्बनमध्ये अनाथ आणि निराधार मुलांसाठी 'काझा पिया' ही संस्था काढली होती. तिच्यामुळे दानधर्माला शिक्षणाची व कामधंद्याची जोड मिळाली. शिवाय निराधारांचा सांभाळ हा राज्यकारभाराचा भाग ठरला.

समाजकार्याचे रीतसर प्रशिक्षण देणारी संस्था लिस्बनमध्ये १९३५ साली, सालाझार यांच्या राजवटीत सुरू झाली. ती कॅथलिक विचारांची होती आणि प्रारंभी तेथे केवळ स्त्रियांना प्रवेश मिळे. पुढच्याच वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने आपल्याकडची पहिली समाजकार्य शाळा निघाली, त्यामुळे हे दोन अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचणे आपल्या प्रबंधासाठी उपयुक्त ठरेल. लिस्बनची मिझेरिकॉर्दिया आजही कार्यरत असून, तिच्या कामाचा मोठा खर्च अठराव्या शतकात राणी मारिया पहिली हिने मंजूर केलेल्या सोडतीच्या परंपरेतूनच भागतो.