मुलांच्या हातात टिकणारा रंग

लेकीला खेळायला छोटे सैनिक कसे रंगवून द्यायचे, असं विचारलंत. ती सहा वर्षांची आहे म्हणता, तर शेडिंगचा (सावली-उजेडाच्या छटांचा) विचार तूर्त बाजूला ठेवा. रंग टिकला पाहिजे, हे पहिलं. २८ मिमीचे प्लास्टिकचे सैनिक आधी भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, तेलकट राहिले तर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) धरत नाही. प्रायमर वाळला की ॲक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून दोन हात द्या. एकच जाड हात दिलात तर नाक-डोळे बुजतात. ढालीचा रंग तिलाच निवडू द्या, गुलाबी म्हणाली तरी! खेळताना रंग आधी उडतो तो तलवारीच्या टोकावरून आणि शिरस्त्राणाच्या कडेवरून. म्हणून रंगावर आधी ग्लॉस (चकचकीत) वार्निश, ते वाळलं की वरून मॅट (बिनचकाकीचं). जुने शिशाचे सैनिक मिळाले तर मात्र तिला देऊच नका, रंगवूनही नाही.